‘बोलली’ म्हणणारी

१

मिस्त्रींचे कान काही एका दिवसात गेले नाहीत. आधी दाराची बेल गेली, मग उतू जाणाऱ्या दुधाचा आवाज गेला. मग एका सकाळी बायकोने पाठीमागून हाकांवर हाका मारल्या आणि हे आपले खुशाल चहा फुंकत बसले, तेव्हा ती समजली. आता ह्यांचे कान आपणच.

तिला सगळे वहिनी म्हणत. घराच्या मागे अंगण आणि अंगणापलीकडे पत्र्याची शेड. त्या शेडमध्ये मिस्त्री लाकूडतोड्यांच्या साखळीच्या करवती दुरुस्त करत. पेट्रोलवर चालणाऱ्या, दोरी ओढून सुरू करायच्या. शेडभर भुशाचा आणि जळक्या तेलाचा वास. तो वास मिस्त्रींच्या कपड्यांतून घरात येई, आणि वहिनींना तो देवघरातल्या उदबत्तीइतकाच आपला वाटे.

थंड करवत सुरू करायची एक रीत असते. चोक पूर्ण ओढायचा आणि दोरीला झटके द्यायचे. काही झटक्यांनंतर ती एकदाच, अगदी हळू, ‘फुट्’ करते. सुरू होत नाही, नुसती हूल देते. ती हूल ऐकली की लगेच चोक अर्धा आत सारायचा, मग पुढच्या झटक्याला धडाडून सुरू होते. हूल ऐकूच आली नाही आणि माणूस ओढतच राहिला, की आत पेट्रोल साचतं, प्लग चिंब होतो, आणि मग हात मोडेस्तोवर ओढा, ती हूं की चूं करत नाही. करवत ओव्हर झाली म्हणतात ती हीच.

ती हूल मिस्त्रींना ऐकू येत नव्हती. हाताला कळावी, तर इतक्या वर्षांच्या थरथरीने बोटंही बधिर झाली होती. दुरुस्तीला आलेली करवत त्यांच्याच हातून ओव्हर व्हायला लागली. गिऱ्हाइकं तोंडावर हसत नसत, एवढंच.

म्हणून वहिनी शेडमध्ये उभ्या राहू लागल्या. डोक्याला भुशासाठी निळा रुमाल, गाठ मानेवर. मधल्या खांबापाशी त्यांची जागा. ‘फुट्’ झालं की त्या ओरडत, “अहो, बोलली!” आणि मिस्त्री चोक सारत.

दुसरा शब्द होता ‘लागला’. करवतीच्या पुढच्या मुठीपाशी ब्रेकचा दांडा असतो. तो पुढे ढकलला की ‘टक्’ होतं आणि साखळी जागच्या जागी जखडते. दांडा पुढे गेला पण ‘टक्’ झालं नाही, तर ब्रेक लागलेलाच नसतो, आणि अर्ध्या चोकवर सुरू झालेली करवत पहिल्या क्षणापासून साखळी पळवते. तेव्हा माणसाचा एक पाय मागच्या मुठीत आणि तोंड तिच्यावर ओणवं असतं. मिस्त्रींचा एक बूट फळीवर ठेवलेला होता. त्याचा पुढचा भाग सुरीने पाव कापावा तसा कापलेला. बोटं वाचली होती ती देवाची कृपा. त्या दिवसापासून ठरलं, वहिनींनी ‘लागला’ म्हटल्याशिवाय दोरीला हात लावायचा नाही.

डॉक्टरांनी कानांपुढे हात टेकले, तेव्हा वहिनींनी व्रत धरलं. दर गुरुवारी मौन. उजाडल्यापासून दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत चकार शब्द नाही. देवापुढे बसून त्यांनी सांगितलं, “एक दिवस माझा आवाज तुझ्यापाशी ठेव. आणि तेवढा त्यांच्या कानात घाल.”

मग गुरुवारी शेडही मौन पाळू लागली. मिस्त्री त्या दिवशी साखळ्यांना धार लावत, फिल्टर धूत, पण करवत सुरू करत नसत.

२

ती करवत टोपीवाला घेऊन आला. रस्त्याकडेची झाडं तोडणाऱ्या ठेकेदाराचा हा माणूस. उन्हापावसात टोपी डोक्यावरून उतरत नसे, म्हणून टोपीवाला.

“मिस्त्री, ही बया काही केल्या सुरू होत नाही,” तो ओरडून म्हणाला. “नुसती पेट्रोल ढोसते आणि गप्प बसते. आमच्या ठेकेदाराची सासू परवडली, ती निदान ढोसून बोलते तरी!”

मिस्त्रींना निम्मं कळलं, पण ते हसले. वहिनी म्हणाल्या, “चालवतो कोण ही?”

“आधी एक म्हातारा चालवायचा. तो घरी बसलाय. घसा बसलाय म्हणे त्याचा, आवाजच फुटत नाही. तरी त्याची बायको म्हणते, दिवसभर अंगणातून हाका मारतो.” त्याने खांदे उडवले. “बायकांना काय, नवरा गप्प बसला तरी ऐकू येतो.”

“आणि बोलला तरी ऐकू येत नाही,” वहिनी म्हणाल्या, आणि टोपीवाला खो खो हसत गेला.

करवत साधीच होती. नारिंगी रंग उडालेला, मुठीवर कुणीतरी कापड गुंडाळलेलं. मिस्त्रींनी प्लग काढला, तो पाण्यातून काढल्यासारखा. करवत उलटी धरून दोरी ओढली, आतलं पेट्रोल फवाऱ्यासारखं उडालं. प्लग कोरडा करून बसवला. ‘टक्’ झालं. “अहो, लागला!” मिस्त्रींनी ओढायला सुरुवात केली.

वहिनी कान देऊन उभ्या होत्या. झटक्यामागून झटके. हूल काही आली नाही. पुन्हा प्लग काढला, पुन्हा चिंब. कार्बोरेटर उघडला, तो स्वच्छ. सुई ठीक, पडदा ठीक.

“बोलली का?” मिस्त्री दर वेळी मान वर करून विचारत.

“नाही हो.”

संध्याकाळी त्यांनी करवत कोपऱ्यात टेकवली, जिथे करवतींच्या पात्यांवर चढवायची म्यानासारखी लांब कव्हरं दोरीला ओळीने टांगलेली असत. वहिनी दिवा मालवून दाराशी आल्या आणि मागून अगदी हळू आवाज आला, फुट्.

पत्रा तापतो, निवतो. पत्रे आवाज करतातच. त्यांनी कडी लावली.

३

दुसरा दिवस गुरुवार. वहिनी स्वयंपाकघरात भाजी निवडत होत्या आणि शेडमध्ये करवत धडाडली.

त्यांच्या हातातली सुरी थांबली. गुरुवारी करवत? पण ती छान, एका दमात सुरू झाली होती, एकसुरात चालली होती. मग बंद झाली आणि मिस्त्री हात पुसत दारात आले. इतके खूश त्यांना वहिनींनी कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं.

“बघितलंस? कालपासून रुसली होती, आज लगेच बोलली! तू बरोबर वेळेला म्हणालीस म्हणून.”

वहिनींनी मान हलवली. ओठांवर बोट ठेवलं. आज गुरुवार.

“हो, हो, कळलं. मोडलंस मौन माझ्यासाठी. देव काही रागावत नाही एवढ्याला.” ते जवळ आले आणि चोरून सांगावं तसं म्हणाले, “आणि ओरडलीसही नाहीस. साधं बोललीस. तरी मला ऐकू आलं. लख्ख ऐकू आलं गं!”

वहिनींच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. व्रत फळलं. आपण बोललो नव्हतो, पण ह्यांना काहीतरी ऐकू आलं होतं, कानात काहीतरी उघडलं होतं. त्यांनी तिथेच उभ्याउभ्या हात जोडले.

“आणि एक गंमत,” मिस्त्री वळताना म्हणाले. “आज मला ‘अरे’ म्हणालीस. ‘अरे, बोलली.’ लग्नाला इतकी वर्षं झाली, कधी चुकून अरे-तुरे नाही केलंस. बरं वाटलं मला. म्हणत जा.”

जोडलेले हात तसेच राहिले.

ते जेवायला बसले तेव्हा वहिनींनी त्यांच्या पाठीमागे वाटीवर चमचा वाजवला. ते जेवत राहिले. मग त्यांनी मोठं झाकण फरशीवर टाकलं. ते गरगरत, खणखणत भिंतीपर्यंत गेलं.

मिस्त्रींनी मीठ मागितलं.

४

शुक्रवारी उजाडताच वहिनींचा पहिला शब्द खरखरीत निघाला, भुसा घशात गेल्यासारखा. त्या शेजारी अक्कांकडे गेल्या. अक्का म्हणजे मिस्त्रींची थोरली बहीण. जिभेला धार, पण जीव लावणारी.

“या, मौनीबाबा,” अक्का म्हणाल्या. “व्रत करायचं तर नीट करावं माणसाने. काल दिवसभर शेडमधून तुझी बडबड चालली होती.”

“माझी?”

“नाहीतर काय माझी? कपडे वाळत घालत होते मी. ‘अरे, अजून ओढ. अरे, बोलली.’ आणि हसत काय होतीस! म्हटलं, या वयात लाडात आली बाई. नवऱ्याला अरे काय, तुरे काय!”

“अक्का, मी काल शेडमध्ये पाऊलसुद्धा टाकलं नाही.”

अक्कांनी वहिनींकडे पाहिलं, मग त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. “झोप लागते का गं तुला नीट?”

परत येताना वहिनी मनाशी हिशेब मांडत होत्या. अक्कांना वाटलं असेल. रस्त्यावरून कोणी बोलत गेलं असेल. ह्यांना हवं होतं ते ऐकू आलं असेल, कान गेलेल्यांना असे भास होतात, डॉक्टरच म्हणाले होते. प्रत्येक गोष्टीला कारण होतं. फक्त ‘अरे’ला नव्हतं. ह्यांना भास व्हायचा तर माझा, जसा मी बोलते तसा व्हायला हवा होता. स्वप्नातसुद्धा मी ह्यांना ‘अहो’च म्हणते.

आणि आवाज देवापाशी ठेवला होता. वहिनींच्या मनात पाल चुकचुकली. देवापाशी ठेवायचा म्हणून काढून तर ठेवला, पण तो उचलला कोणी, हे आपण कुठे पाहिलं?

५

त्यांनी मिस्त्रींना सगळं सांगितलं. शेडमध्येच सांगितलं, आणि ओरडूनच सांगावं लागलं. ओठ वाचून मिस्त्रींना साधी वाक्यं कळत, हे साधं नव्हतं.

“अहो, गुरुवारी मी नव्हते! दुसरंच कोणी होतं!”

“कोण असणार?” मिस्त्री गोंधळले. मग त्यांचा चेहरा उतरला. “म्हणजे मला ऐकू आलं नाही, असंच ना?”

त्या उतरलेल्या चेहऱ्यापुढे वहिनींचा धीर सुटला. पण फळीवरचा बूट समोर दिसत होता.

“एवढं ऐका माझं! ‘अरे’ म्हणेल ती मी नव्हे! मी ‘अहो’च म्हणणार! ‘अहो, लागला’ ऐकलंत तरच ओढायचं! ‘अरे’ ऐकलंत तर हात काढून घ्यायचा!”

“बरं बाई.”

“काय म्हणाले मी?”

“अहो असेल तर तू. अरे असेल तर तू नाहीस,” मिस्त्री शाळेतल्या पोरासारखं म्हणाले. “आता चहा मिळेल का, की तोही अहो म्हटल्यावरच?”

वहिनी हसल्या. जिवात जीव आला. मोठ्याने हसल्या, आणि घसा खाजवल्यासारखा होऊन त्यांना खोकला आला. खोकला थांबला तरी कोपऱ्यात, टांगलेल्या कव्हरांमागे, हसण्याचं शेपूट क्षणभर राहिलं. त्यांच्याच हसण्याचं. पत्र्याच्या शेडमध्ये आवाज घुमतो.

पुढचे दिवस दोघांनी इतर करवतींवर काम केलं. वहिनी खांबापाशी उभ्या राहत. आवाज रोज थोडा बारीक होत होता, पण मध-पाणी चाललं होतं. एकच गोष्ट त्यांना सलत होती. मिस्त्री ‘बोलली का?’ विचारताना पूर्वी त्यांच्या तोंडाकडे बघत. आता ते मान वर करत ती खांबाच्या पलीकडे, कोपऱ्याकडे. तिकडे बघत, मान डोलवत, आणि चोक सारत. आणि वेळ अचूक असे.

“तिकडे काय बघता?” एकदा त्यांनी विचारलं.

“तू हललीस ना,” मिस्त्री म्हणाले.

वहिनींनी त्या नारिंगी करवतीसाठी टोपीवाल्याला फोन लावला. घेऊन जा म्हणाल्या. पलीकडून तो “हॅलो? हॅलो?” करत राहिला. “कोण बोलतंय? बोला की! नुसता श्वास काय ऐकवता?” मग मिस्त्रींनी फोन घेतला आणि ओरडून सांगितलं. टोपीवाला गुरुवारी दुपारी येणार होता.

६

आपण काय करायचं ते वहिनींनी बुधवारी रात्रीच ठरवलं. देवापुढे हात जोडून माफी मागितली. उद्याचं मौन पाळणार नाही. आवाज काढून ठेवायचाच नाही, म्हणजे कोणी उचलणार नाही. ह्यांच्या कानांसाठी दुसरं व्रत धरेन, उपास करेन, अनवाणी चालेन. देव समजून घेईल. तो नेहमीच घेतो.

सकाळपासून त्या शेडमध्येच बसल्या. बोलायच्या म्हणून बोलत होत्या, पण शब्द ओठांशी पुटपुटण्यापलीकडे जात नव्हते. मिस्त्री नारिंगी करवतीचं ब्रेकचं झाकण उघडून बसले होते. आतली पट्टी सैल झाली होती. ऊन तिरकं आत आलं होतं, भुशाचे कण त्यात तरंगत होते, आणि सगळं इतकं नेहमीचं, इतकं घरचं होतं, की वहिनींना आपल्याच भीतीचं हसू आलं.

गॅसवर दूध ठेवलेलं त्यांना आठवलं.

“करवतीला हात लावू नका. दूध बघून येते,” त्यांनी खुणेने सांगितलं. मिस्त्रींनी मान डोलवली. अंगण ओलांडून त्या आत गेल्या, गॅस बंद केला, पातेल्यावर झाकण ठेवलं. तेवढंच.

परत निघाल्या तेव्हा शेडमधून बोलणं ऐकू आलं.

“टोपीवाला येईल आता. सुरू करून दाखवायला नको का त्याला?” मिस्त्रींचा आवाज. मग ते हसले. “अगं, पण तू दूध बघायला गेली होतीस ना?”

त्यांना उत्तर मिळालं. शब्द कळले नाहीत, पण आवाज कळला. तो खरखरीत नव्हता. पूर्वीचा होता, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांचा असावा तसा, भरलेला, लाघवी.

वहिनी धावल्या.

दारातून मिस्त्रींची पाठ दिसत होती. करवत जमिनीवर, उजवा पाय मागच्या मुठीत, डावा हात पुढच्या मुठीवर. त्यांचं तोंड कोपऱ्याकडे होतं. त्यांनी ब्रेकचा दांडा पुढे ढकलला. तो गपकन गेला, लोण्यातून जावा तसा.

‘टक्’ झालं नाही.

मिस्त्री दोरी हातात घेऊन थांबले. ठरल्याप्रमाणे थांबले. मान वर करून कोपऱ्याकडे बघत राहिले. अरे की अहो, ते ऐकायला.

वहिनी दार आणि खांब यांच्या मध्ये होत्या. मध्ये बाक होतं, लाकडाचे ओंडके होते, आणि पाय भुशात रुतत होते. मिस्त्रींच्या खांद्यावरून त्यांना कोपरा दिसला. कव्हरं हलत होती. दोन कव्हरांच्या फटीत निळ्या रुमालाची कड होती, आणि तिच्याखाली एक तोंड. बाकी काही नाही, नुसतं तोंड, मिटलेलं. ते मिस्त्रींकडे बघत नव्हतं. कशी कोण जाणे, पण वहिनींना खात्री होती, ते आपल्याकडे वळलेलं होतं. वाट बघत होतं.

सगळा जीव घशात गोळा करून वहिनींनी तोंड उघडलं. “अहो, थांबा!”

त्यांच्या ओठांतून नुसती हवा गेली.

कोपऱ्यातलं तोंड त्यांच्या तोंडाबरोबरच उघडलं होतं. तेवढंच, तसंच.

“अहो,” ते मायेने म्हणालं. “लागला.”

“ऐकलं गं,” मिस्त्री म्हणाले. त्यांच्या आवाजात केवढं समाधान होतं.

आणि करवत पहिल्याच झटक्याला धडाडून बोलली.